परदेशात इंटरनेट: नंबर इथला, डेटा तिथला

युरोपला जाताना कोणतं सिम घ्यावं, या प्रश्नावर प्रत्येक नातेवाइकाकडे उत्तर तयार असतं. भाचा म्हणतो ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम) घे, शेजारचे काका म्हणतात आपलंच कार्ड चालू ठेवा, टूरवाला सांगतो की हॉटेलात वायफाय आहेच. तिघंही अर्धे बरोबर असतात. कारण परदेशात फोनकडून आपल्याला दोन वेगळी कामं हवी असतात. पहिलं काम म्हणजे भारतातला नंबर जिवंत राहावा आणि त्यावर बँकेचे ओटीपी यावेत. दुसरं म्हणजे नकाशा, व्हॉट्सअ‍ॅप, टॅक्सी, तिकिटं यांसाठी भरपूर आणि परवडणारा डेटा. ही दोन्ही कामं एकाच सिमच्या गळ्यात बांधली की एकतर पैसे जास्त जातात, नाहीतर ओटीपी अडकतो. म्हणून शक्य असेल तिथे दोन सिम ठेवा. त्यासाठीची तयारी मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होत नाही, निदान दहा-बारा दिवस आधी हात घालावा लागतो.

फोनमध्ये दुसरं सिम बसेल का?

डायल पॅडवर *#०६# दाबा. आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकांसोबत ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१८च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून आहे. महागड्या अँड्रॉइड फोनांत बहुतेक असते, स्वस्तात बऱ्याचदा नसते. नसली तरी फारसं बिघडत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत दोन सिमची जागा असते, त्यातल्या दुसऱ्या जागी तिथलं साधं सिम घाला. काही फोनांत त्याच जागी मेमरी कार्ड बसतं. तसं असेल तर त्यावरचे फोटो घरीच उतरवून घ्या.

मुलाने किंवा मुलीने अमेरिकेतून आणलेला आयफोन असेल तर दोन गोष्टी बघा. आयफोन १४पासून पुढे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनांना सिमचा ट्रेच नसतो, म्हणजे भारतातला नंबरही ई-सिमवरच घ्यावा लागतो. शिवाय तिथे हप्त्यांवर घेतलेला फोन एकाच कंपनीला लॉक असू शकतो. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. ‘कॅरिअर लॉक’समोर सिमवर कोणतंही बंधन नसल्याचं लिहिलं असेल तर फोन मोकळा आहे.

भारतातला नंबर जिवंत ठेवणं

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, आणि पंचाईतही इथेच होते.

आधी रिचार्जची मुदत बघा. सहलीच्या मधेच प्लॅन संपला तर ओटीपी बंद. परत येण्याच्या तारखेच्या पुढे आठ-दहा दिवस शिल्लक राहतील असं रिचार्ज करून मगच निघा. मग कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा. हे पॅक घेण्यापेक्षा वेगळं आहे. नुसतं रोमिंग चालू असलं तरी फोन तिथल्या नेटवर्कवर नोंदवला जातो आणि एसएमएस येऊ शकतात. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत. येणाऱ्या फोनचे मात्र घेतात, तेही उचलल्यावर मिनिटाच्या हिशेबाने. म्हणजे कर्जाची जाहिरात करणाऱ्याचा फोन व्हिएन्नात उचललात, तर त्याचे पैसे तुम्ही भरणार. ओळखीचे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करतील, बाकीचे वाजू देत.

पॅक न घेता फक्त ओटीपीसाठी रोमिंग ठेवता येईल का, हे कंपनीच्या अ‍ॅपमधल्या चॅटवर विचारून घ्या आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. प्लॅननुसार नियम बदलतात. त्याच वेळी ज्या देशात जाणार तिथे आपल्या कंपनीचं कोणत्या नेटवर्कशी संधान आहे, ती नावंही टिपून घ्या. पुढे उपयोगी पडतात.

सिम बदलायचं असेल, जुनं खराब झालं असेल किंवा साध्या सिमवरून ई-सिमवर जायचं असेल, तर ते काम आठवडाभर आधी उरका. फसवणूक रोखण्यासाठी आपल्याकडे सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद असतात. उद्याचं विमान आणि आज नवं सिम, असं झालं तर पैसे भरताना ओटीपीची वाट बघत बसाल.

‘भारतातलं सिम घरी आईच्या फोनमध्ये ठेवतो, ओटीपी आला की ती सांगेल,’ ही युक्ती मी अनेकांना करताना पाहिली आहे. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे चार वाजलेले असताना इकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. आईला उठवायचं, तिने चष्मा शोधायचा, तोवर ओटीपीची मुदत संपते. शिवाय ‘ओटीपी कुणाला सांगू नकोस’ असं तिला वर्षभर बजावायचं आणि मग फोन करून तोच मागायचा, हे काही बरं नाही. सिम स्वतःजवळच ठेवा.

ओटीपीवरचा भार आधीच कमी करता येतो. बँकेत ईमेल नोंदवा, काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात. जीमेलची दुहेरी पडताळणी एसएमएसवर असेल तर ती ऑथेंटिकेटर या फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपवर न्या. गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवा. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा, कारण नवीन कार्डांवर तो मुळात बंदच असतो. आणि यूपीआयचं अ‍ॅप परदेशात असताना काढून पुन्हा टाकू नका. नोंदणीच्या वेळी ते तुमच्या भारतीय सिमवरून एसएमएस पाठवतं आणि रोमिंगमध्ये तो जाईलच याची खात्री नसते.

डेटा कुठून घ्यायचा

चार वाटा आहेत. भारतीय कंपनीचं रोमिंग पॅक, प्रवासी ई-सिम, तिथलं स्थानिक सिम आणि भाड्याचा पॉकेट वायफाय, म्हणजे खिशात मावणारं वायफायचं यंत्र. किमती सारख्या बदलतात, म्हणून निवड कशी करावी तेवढं सांगतो.

एकच देश, आठवडाभराची सहल आणि फोनच्या सेटिंग्जना हात लावायला कचरणारी मंडळी असतील, तर भारतीय पॅक घ्या. महाग पडतं, पण विमानातून उतरल्यावर करायचं फारसं काही उरत नाही. दहा-पंधरा दिवस आणि दोन-चार देश असतील तर ई-सिम. महिना किंवा त्याहून जास्त मुक्काम असेल तर तिथलं सिम, कारण स्थानिक नंबरही लागतोच. पॉकेट वायफायची सवय जपानला जाणाऱ्यांत अजून आहे. विमानतळावर घ्यायचं, परतताना टपालपेटीत टाकायचं, चार जणांत एक पुरतं. पण चौघांनी चोवीस तास एकत्र फिरायला हवं. एकजण दुकानात आणि तिघं रस्त्यावर, अशी ताटातूट झाली की यंत्र ज्याच्या पिशवीत त्याच्याकडेच नेट.

ई-सिम विकणाऱ्या परदेशी कंपन्यांबद्दल एक जाणून असा. भारतात असं सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी २०२४मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय यांची अ‍ॅप्स याच कारणाने भारतातल्या अ‍ॅप स्टोअरवरून काढली गेली. परवानगी असलेल्या भारतीय विक्रेत्याकडून घेतलं की बिल मिळतं आणि अडचणीत फोनवर मराठी-हिंदीत बोलणारं माणूसही.

‘अनलिमिटेड’ शब्दावर भाळू नका. ठरावीक जीबी संपल्यावर वेग इतका उतरतो की नकाशाही हळूहळू उमटतो. ती मर्यादा किती, हॉटस्पॉट चालतो का आणि मुदत कधीपासून मोजतात, हे तीन प्रश्न विचारा. काही ई-सिमची मुदत फोनमध्ये टाकल्याक्षणी सुरू होते, काहींची तिथल्या नेटवर्कला जोडल्यावर.

थोडं आतलं सांगतो, कारण पुढचं बरंच त्यावरून उलगडतं. भारतीय सिमवर रोमिंगमध्ये नेट वापरता, तेव्हा तो डेटा सहसा तिथल्या टॉवरवरून थेट इंटरनेटवर जात नाही. आधी भारतातल्या तुमच्या कंपनीच्या जाळ्यात येतो आणि तिथून बाहेर पडतो. म्हणून अमेरिकेत भारतीय पॅकवर पानं जरा रेंगाळत उघडतात. पण फायदाही आहे. वेबसाइटला तुम्ही भारतातच आहात असं वाटतं. आपली काही सरकारी संकेतस्थळं आणि बँकांच्या सेवा परदेशी इंटरनेट पत्त्यावरून आलेल्याला दारातच अडवतात, तिथे हा मार्ग कामी येतो. प्रवासी ई-सिमचा डेटा कधी कधी तिसऱ्याच देशातून फिरून येतो. त्यामुळे पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाला गूगल भलत्याच भाषेतलं पान दाखवतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

युरोप टूर: स्वित्झर्लंडचं भोक

१५ जून २०१७पासून युरोपीय संघात रोमिंगचं जादा शुल्क नाही. इटलीत घेतलेलं सिम फ्रान्समध्ये, जर्मनीत, नेदरलँड्समध्ये त्याच दरात, वाजवी वापराच्या मर्यादेत चालतं. संघाचे २७ देश आणि त्यांच्यासोबत आइसलँड, नॉर्वे व लिश्टेनस्टाइन यात येतात.

स्वित्झर्लंड येत नाही. ब्रिटनही संघातून बाहेर पडल्यापासून नाही. आणि आपल्याकडच्या टूरचा नकाशा बघा: सुरुवात बऱ्याचदा लंडनला, मधला सगळ्यात मोठा मुक्काम स्वित्झर्लंडला. म्हणजे स्वस्तातलं ‘युरोप’ सिम घेतलं की नेमकं जिथे नेट हवं तिथेच ते हात वर करतं.

बस जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधून ऱ्हाइनच्या धबधब्याकडे येते तेव्हा हे डोळ्यांदेखत होतं. धबधबा शाफहाउझेनजवळ, स्विस हद्दीत. सीमा कधी गेली हे कळतही नाही, पण फोनच्या माथ्यावरचं जर्मन नेटवर्कचं नाव जाऊन स्विसकॉम, सनराइज किंवा सॉल्ट दिसू लागतं, आणि ज्यांच्या सिममध्ये स्वित्झर्लंड नाही त्यांचं नेट तिथेच थांबतं. दुसऱ्या दिवशी ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला प्रत्येकाला घरी व्हिडिओ कॉल लावून बर्फ दाखवायचा असतो. ज्याच्याकडे नेट आहे त्याच्या हॉटस्पॉटभोवती अख्खा ग्रुप जमतो. पुढे बस लिश्टेनस्टाइनच्या फाडुत्स गावात थांबली की बंद पडलेलं सिम पुन्हा सुरू होऊ शकतं, कारण तो देश सवलतीत आहे. पण ऱ्हाइनपलीकडचा स्विस टॉवर तिथेही हाक मारत असतो.

म्हणून सिम घेताना ‘युरोप’ हा शब्द पाहून पैसे देऊ नका. देशांची यादी उघडा आणि तीत स्वित्झर्लंड व ब्रिटन ही दोन नावं शोधा. दोन्ही असलेली प्रादेशिक ई-सिम सहज मिळतात, किंमत थोडी जास्त असते इतकंच.

घरी बसून करायच्या सेटिंग्ज

ई-सिम फोनमध्ये टाकायला इंटरनेट लागतं, म्हणून हे काम घरच्या वायफायवर करा. तुर्कस्तानला जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे २०२५मध्ये अशा अनेक कंपन्यांची संकेतस्थळंच बंद करण्यात आली.

१. ई-सिमचा क्यूआर कोड ज्या फोनमध्ये टाकायचा त्याच फोनवर ईमेलने येतो. तो घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा आणि त्या पडद्यावरून आपल्या फोनने स्कॅन करा. कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, त्यामुळे एकदा टाकलेलं ई-सिम ‘पुन्हा करून बघू’ म्हणून डिलीट करू नका.

२. सिमना नावं द्या. एकाला ‘भारत’, दुसऱ्याला ‘प्रवास’. विमानतळावर डोकं चालत नसताना ही नावं फार उपयोगी पडतात.

३. ‘भारत’ सिमचं डेटा रोमिंग बंद. ‘प्रवास’ सिमचं डेटा रोमिंग चालू. इथे लोक गोंधळतात: रोमिंग म्हणजे खर्च या भीतीने दोन्हीकडे बंद करतात आणि मग ई-सिम चालतच नाही. प्रवासी ई-सिम तिथे स्वतःच रोमिंगवर असतं, त्याला ही परवानगी द्यावीच लागते.

४. फोन कॉल आणि एसएमएससाठी ‘भारत’ सिम, मोबाइल डेटासाठी ‘प्रवास’ सिम, अशी निवड ठेवा. डेटाची अदलाबदल विमानात बसल्यावर केली तरी चालेल.

५. आयफोनमध्ये सेल्युलर डेटा स्विचिंग आणि अँड्रॉइडमध्ये ऑटो डेटा स्विचिंग ही सोय बंद करा. ती चालू राहिली तर एका सिमची रेंज गेल्यावर फोन न विचारता दुसऱ्या सिमचा डेटा वापरायला घेतो. भारतीय सिमवर पॅक नसेल तर त्या काही मिनिटांचं बिल डोळे पांढरे करतं.

६. आयफोनवाल्यांसाठी आणखी एक: नवं सिम आल्यावर आयमेसेज आणि फेसटाइम पुन्हा चालू होताना गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतात. ते दोन्ही प्रवासात बंद ठेवले तर कुणाचंही अडत नाही.

नवं सिम दिसल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ‘नंबर बदलायचा का’ असं विचारू शकतं. ‘नाही’ म्हणा. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप भारतीय नंबरवर राहून तिथल्या डेटावर व्यवस्थित चालतं.

त्याच बैठकीत व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेज आणि डेटा विभागात जाऊन ‘रोमिंगमध्ये असताना’ आणि ‘मोबाइल डेटावर’ या दोन्ही ठिकाणी फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सकाळी सहाला सुरू होणारे सुप्रभातचे व्हिडिओ विकत घेतलेल्या डेटावर बघण्याच्या लायकीचे नसतात. गूगल फोटोजचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे एचडी दर्जाचा चित्रपट तासाला ३ जीबीपर्यंत खातो, म्हणून बसमध्ये बघायचं ते घरीच उतरवून न्या. शहरांचे नकाशे, भाषांतराच्या अ‍ॅपमधली तिथली भाषा, हॉटेलचा पत्ता त्या देशाच्या लिपीत, विमा आणि तिकिटं, हे सगळं नेटशिवाय उघडेल असं फोनमध्ये ठेवा. दक्षिण कोरियाला जात असाल तर गूगल मॅप्सवर विसंबू नका. तिथे पायी रस्ता दाखवायला नेव्हर मॅप लागतो.

विमानात आणि उतरल्यावर

विमानात फ्लाइट मोड खरोखर लावा. काही विमानांत आणि क्रूझ जहाजांवर स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि फोन त्याला गुपचूप जाऊन चिकटतो. देशांचं रोमिंग पॅक तिथे लागू होत नाही, दरही निराळे असतात. क्रूझवर बंदर सोडताना फ्लाइट मोड, मग हवं तर जहाजाचं वायफाय, हा क्रम ठेवा.

उतरल्यावर फ्लाइट मोड काढा आणि पाच मिनिटं थांबा. नेट आलं नाही तर सामानाच्या पट्ट्याशी उभं राहून हे करा: फोन बंद-चालू करा. तरी नाही तर नेटवर्क निवड ‘आपोआप’वरून काढून यादीतलं, ई-सिमच्या कागदावर दिलेलं नेटवर्क हाताने निवडा. रेंज आहे पण नेट नाही, असं असेल तर सिमच्या सेटिंग्जमधलं एपीएन (फोन कोणत्या वाटेने इंटरनेटला जोडायचा ते सांगणारं नाव) बघा; ते नाव सिमसोबतच्या सूचनांत असतं, जसंच्या तसं टाका. ‘भारत’ सिमला रेंज नसेल तर तिथेही हाताने निवड करा, घरी टिपलेली नेटवर्कची नावं आता काढा. या सगळ्यासाठी विमानतळावरच थांबा, कारण तिथे वायफाय आहे आणि सिमचं काउंटरही आहे.

विमानतळाच्या वायफायवर मात्र पूर्ण भरवसा नको. काही ठिकाणी ते चालू करायला ओटीपी लागतो, म्हणजे पुन्हा चालू सिम हवंच. सिंगापूरला, इस्तंबूलला पासपोर्ट स्कॅन करून कोड देणारी यंत्रं आहेत. हॉटेलच्या वायफायचं बरोबर नाव रिसेप्शनवर विचारा; तेच नाव धारण करणारं भलतंच वायफाय शेजारी असू शकतं. बँकेचं काम शक्यतो मोबाइल डेटावर उरका.

दुबई आणि चीन

दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण तिथल्या जाळ्यावर त्याचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल लागत नाहीत. तिथे राहणारी आपली मंडळी बोटिम नावाचं कॉलचं अ‍ॅप वापरतात. झूम, टीम्स आणि गूगल मीटही चालतात. निघण्याआधी घरच्यांच्या फोनमध्ये यातलं एखादं टाकून एकदा कॉल करून बघा. व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या देशातून फिरवणारी सोय) लावून बंदी चुकवण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतील. अमिरातीच्या २०२१च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएनसारखे मार्ग वापरल्यास दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो. नातवाशी गप्पा मारण्यासाठी ती जोखीम कशाला?

चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळंच बंद. तिथलं स्थानिक सिम घेतलं किंवा हॉटेलचं वायफाय वापरलं तर हे काहीच उघडत नाही. पण रोमिंगचा डेटा भारतातून फिरून बाहेर पडतो, हे वर सांगितलंच. म्हणून चीनसाठी भारतीय पॅक किंवा चीनबाहेरून जोडणारं ई-सिम घ्यावं. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

अमेरिकेत सहा महिने मुलाकडे

आई-वडील मुलांकडे राहायला जातात तेव्हा डेटाची चिंता नसते. घरात वायफाय असतं, मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवता येते. भारतातून नेलेला जुना फोन मात्र तिथे कॉलसाठी अडू शकतो, कारण अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये थ्रीजी बंद केलं आणि आता कॉलही फोरजी-फाइव्हजीवरूनच होतात. फोन तिथल्या कंपनीच्या यादीत आहे का, हे मुलाला तपासू द्या.

खरी काळजी भारतीय नंबरची. पेन्शनचं खातं, आधार, मुदत ठेवी सगळं त्याला जोडलेलं. सहा महिन्यांत दोन-तीनदा रिचार्ज करावं लागेल, तर त्याच्या तारखा मुलाच्या कॅलेंडरमध्ये टाका. सिम काढून कपाटात ठेवू नका. फोनमध्येच राहू द्या, डेटा रोमिंग बंद करून, आणि महिन्यातून एकदा बँकेतून एखादा ओटीपी मागवून तो येतोय ना हे बघा.

परत आल्यावर

मुंबईत उतरल्यावर नेट चालत नाही म्हणून अनेकजण कंपनीला फोन लावतात. बहुतेक वेळा डेटा अजून ‘प्रवास’ सिमवरच असतो. तो ‘भारत’ सिमवर आणा, त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग आणि कार्डाचा परदेशातला वापर अ‍ॅपमधून बंद करा, आयमेसेज पुन्हा चालू करा. ई-सिम लगेच काढायची घाई नको. काहींवर पुढच्या सहलीला नुसतं रिचार्ज करता येतं, तेवढं विक्रेत्याला विचारून मग ठरवा.